कापड घेणं म्हणजे शिवणं नव्हे

२०२५च्या वसंतात आपल्या ओहायोतल्या शिवणाऱ्या बायकांमध्ये एक विलक्षण दुखवटा चालला होता. १९४३ साली क्लीव्हलंडमधल्या एका कापड-दुकानापासून सुरू झालेली जोॲनची साखळी वर्षभरात दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली. फेब्रुवारीत सगळीच्या सगळी, सुमारे ८०० दुकानं बंद करणार असल्याचं जाहीर झालं आणि मे संपता संपता शेवटची शटरं खाली आली. दुखवट्याला माणसं रिकाम्या हाताने येतात आणि तशीच परत जातात. इथे मात्र रिकाम्या हाताने कोणी परतलं नाही. ‘आता पुन्हा कुठे मिळणार?’ या एका वाक्यावर गाड्यांच्या डिक्या भरल्या. फ्लॅनेल, डेनिम, पडद्याचं कापड, ज्याचं काय करायचं ते ठाऊक नाही असं चकचकीत सॅटिनही. आपल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणी त्या रांगांत होत्या, मीही होते. ते कापड शिवून किती जणींनी अंगात घातलं, हे कोणी कोणाला विचारत नाही.

म्हणून मीच विचारते. आणि माझं म्हणणं असं की, घरी शिवणाऱ्या माणसाने कपाटातलं कापड निम्म्यावर येईपर्यंत नवं घेऊ नये. काटकसर म्हणून नव्हे, पुण्य लागतं म्हणून तर नव्हेच. कापड विकत घेण्याचा नाद शिवण्याच्या नादाला खातो, म्हणून.

हे दोन नाद एकच आहेत असं आपण धरून चालतो. दुकानात ताग्यावरून कापड ओढून खांद्यावर टाकलं, आरशात पाहिलं, की कुर्ता मनात शिवून तयारसुद्धा होतो. गळा, बाही, त्याच्याखाली कोणती सलवार, कोणाच्या मुंजीला घालायचा, सगळं. त्या क्षणाचा आनंद खरा असतो, पण तो तिथेच खर्च होतो. घरी येतं ते उरलेलं काम: कापड धुवा, आटवा, इस्त्री करा, उभा धागा सरळ करा, मुंढा जुळवा, बाही बसली नाही तर उसवा. कष्ट तेवढे शिल्लक आणि मजा आधीच घेऊन झालेली, मग शनिवारी मशीन उघडावंसं कशाला वाटेल? त्यापेक्षा आणखी एक कापड बघायला जाणं सोपं. आयुष्यभरात शिवून संपणार नाही एवढ्या साठ्याला इथल्या शिवणाऱ्या बायकांनी एक लाडाचं आद्याक्षरी नावही दिलं आहे आणि त्यावर सगळ्या हसतात. हसायला हरकत नाही. पण ज्या गोष्टीला लाडाचं नाव मिळतं ती गोष्ट मग कोणी सोडत नाही.

‘पण घरी शिवलं की स्वस्त पडतं’ हा युक्तिवाद आता निकालात काढावा. आपल्या आया शिवत होत्या तेव्हा ते खरं होतं. कापड महाग आणि हातची मेहनत फुकट, असा तो हिशेब होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१च्या जूनपासून कपड्यांना कुपनं लागू झाली, सुरुवातीला माणशी वर्षाला ६६, आणि ती १९४९पर्यंत चालली. भारतात १९४३ साली सुती कापडावर नियंत्रणाचा हुकूम निघाला. आपल्या आज्यांच्या तोंडी ‘कंट्रोलचं कापड’ होतं ते तेव्हापासूनचं. शर्टाची कॉलर झिजली की उसवून उलटी लावायची, मुलीच्या फ्रॉकला दोन बोटं माया आणि खाली रुंद दुमड ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी सोडता येते. त्या घरांतून कापड साठायचं नाही, कारण साठायला ते उरायचंच नाही. आता हिशेब उलटा झाला आहे. चांगलं सुती कापड यार्डाला बारा-पंधरा डॉलर, कुर्त्याला तीन यार्ड धरा, वर दोरा, बटणं, कॉलरचं कॅनव्हास. तेवढ्यात मॉलमध्ये तीन टॉप येतात. घरचा कपडा स्वस्त पडत नाही. तो अंगाला बसतो, त्याला खरा खिसा असतो, त्याची शिवण दोन धुण्यांत सुटत नाही आणि तो आपण केलेला असतो. ही कारणं मला पुरेशी वाटतात. पण यातलं एकही कारण घडी घातलेल्या कापडाला लागू पडत नाही.

दुसरा युक्तिवाद पर्यावरणाचा. ‘मी फास्ट फॅशन घेत नाही, स्वतः शिवते.’ यात अर्धं सत्य आहे आणि त्या अर्ध्याचा मान ठेवायला हवा. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळ साभारमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली, त्यात १,१३४ माणसं गेली आणि त्यांतली बहुतेक कपडे शिवणारी होती. शिवण्याची मजुरी कोणी, कोणत्या छताखाली केली, हा प्रश्न आपण स्वतः शिवलं की खरोखर मिटतो. पण पाणी, वीज आणि रंग यांचा खर्च शिवण्यात जवळजवळ होतच नाही. तो कापूस पिकवण्यात, सूत काढण्यात, विणण्यात आणि रंगवण्यात होऊन गेलेला असतो. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असं सांगितलं जातं, ते जवळपास सगळं मशीनची सुई कापडाला लागण्याआधीचं. म्हणजे ताग्यावरून तीन यार्ड कापून घेतले तेव्हाच पृथ्वीला जो भुर्दंड पडायचा तो पडला. त्याचा कुर्ता झाला तर त्या भुर्दंडाचं काही चीज झालं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१८ साली या देशात १ कोटी १३ लाख टन कापडचोपड कचराभूमीत गेलं. त्यात आपल्या कपाटातलं कापड धरलेलं नाही. त्याची पाळी आपली मुलं घर आवरतील तेव्हा.

आणि कापड काही लोणचं नव्हे, की मुरलं तर बरं. साठवलं की ते खराब होतं, हे शिवणाऱ्यांनाही सहसा आठवत नाही. रेशीम घडीवर विरतं, विशेषतः जरीच्या वजनाने. पांढरं सुती घडीच्या कडेने पिवळं पडतं आणि तो डाग सहज निघत नाही. लोकरीला कसर लागते. लायक्रा मिसळलेलं ताणाचं कापड काही वर्षांनी ताण सोडतं आणि शिवल्यावर गुडघ्यापाशी फुगून राहतं. इलॅस्टिकचा तर भुगाच होतो. ‘कधीतरी चांगल्या प्रसंगाला’ म्हणून ठेवलेलं चंदेरी उघडून, उजेडात धरून, घडीवर हलक्या हाताने ओढून पाहा. ओढण्याची भीती वाटली तर उत्तर मिळालंच.

नवं कापड न घेण्याचा खरा फायदा मात्र याहून वेगळा आहे आणि तो हाताला कळतो. कापड कमी पडलं की माणूस कापायला शिकतो.

एक उदाहरण घेऊ. हातमागाचं ३६ इंच पन्ह्याचं कापड, धुऊन-आटवून सव्वादोन मीटर भरलेलं. करायचा आहे गुडघ्याइतका, पूर्ण बाह्यांचा कुर्ता. विकतच्या पॅटर्नच्या पाकिटावर या पन्ह्याला तीन मीटर तरी लिहिलेले असतात आणि आपण तेवढे निमूटपणे कापून आणतो. पण कापड तर एवढंच आहे. पुढा आणि पाठ, दुमडीसकट ४४-४४ इंच, म्हणजे ८८ इंचांत लांबी संपली, वर जेमतेम अर्धा इंच. रुंदीत २७ इंच गेले आणि कडेला काठासकट ९ इंचांची उभी पट्टी राहिली. बाही दंडावर १६ इंच रुंद हवी, ती ९ इंचांत बसणार कशी? बाहीचे उभे दोन भाग करा. २२ इंची चार तुकडे त्या ८८ इंचांच्या पट्टीत एकाखाली एक बरोबर उतरतात, दोन जोडले की दाब वजा जाऊन १६ इंच मिळतात, आणि काठ मध्ये आणला तर खांद्यापासून मनगटापर्यंत दुहेरी काठ सरळ उतरतो. शंभरातल्या नव्वद जणी तो कुर्ता बघून म्हणतील, ‘किती छान कल्पना!’ कल्पना कसली, कापड नव्हतं. गळ्याच्या पट्टीला तर चिंधीही उरली नाही. ती नवऱ्याच्या जुन्या शर्टाच्या पाठीतून उरेब कापायची. शर्टाची पाठ कधीच झिजत नाही, झिजते ती कॉलर.

असं बेतायला डोकं लागतं आणि पॅटर्नच्या पाकिटावर विसंबलेल्या माणसाला त्याची सवय नसते. महाराष्ट्रात ज्या शिवणक्लासात झारापकर पद्धतीने शिकल्या, त्यांना छातीच्या मापाचे भाग करून मुंढा, खांदा, गळा कागदावर काढता येतो. त्या विद्येला इथे आल्यावर आपण उगीच गंज चढवला. कापड अरुंद आणि मोलाचं होतं तेव्हाचे कपडे तर याच बुद्धीने बेतलेले असत. अंगरख्याला घेर हवा तर तिरक्या कळ्या एकमेकींत उलटसुलट बसवून कापायच्या आणि काखेत हात मोकळा राहावा म्हणून एक चौकोनी तुकडा घालायचा. जपानी किमोनो सुमारे ३६ सेंटीमीटर पन्ह्याच्या, १२ मीटरच्या एकाच गुंडाळीतून सरळ रेषांत कापतात आणि फेकायला जवळपास काही उरत नाही. आपल्या आजच्या कटिंगच्या टेबलाखाली जी कातरण पडते, ती कापडाच्या मुबलकपणामुळे पडते.

आता सगळ्यात भक्कम आक्षेप, ज्याला मी टाळू शकत नाही. ‘आम्ही भारतात जातो तेव्हा विणकराकडून घेतो. आम्ही घेणं थांबवलं तर माग थांबेल.’ बरोबर आहे. विणकराला पैसे आपण घेतो तेव्हा मिळतात. पुढे आपण शिवतो की नाही, याने त्याच्या चुलीला फरक पडत नाही. गुळेदगुड्डच्या खणाचंच पाहा. चोळ्या शिवणं कमी झालं तेव्हा तिथले माग कशाच्या जोरावर चालणार हा प्रश्न होता. गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्या, ड्रेस, पिशव्या, तोरणं यांची लाट आली आणि मागणी फिरली. मग मी कोणत्या तोंडाने ‘घेऊ नका’ म्हणू? तरी म्हणते, कारण मागणी फिरली ती कोणीतरी ते कापड वापरलं, दुसरीने ते पाहिलं आणि ‘कुठून घेतलंस?’ असं विचारलं म्हणून. कपाटातल्या खणाला कोणी तसं विचारत नाही. विणकराचं भलंच करायचं असेल तर दर भेटीत एक कापड घ्यावं, पूर्ण भावाने, घासाघीस न करता, आणि पुढच्या भेटीत त्याचाच कपडा घालून त्याच्या दारात जावं. लक्ष्मी रोडवरून आणि मंगलदास मार्केटातून २३ किलोची बॅग फुगवून आणलेल्या गिरणीच्या कटपीसला विणकराचं नाव देऊ नये, एवढंच.

यातच आपलं खास मराठी प्रकरण आहे: ओटीचे ब्लाउज पीस. जगातल्या इतर शिवणाऱ्यांना निदान स्वतःहून कापड विकत घ्यावं लागतं. आपल्याला ते हळदीकुंकवाला पदरात पडतं. ऐंशी सेंटीमीटर, कशालाच न जुळणाऱ्या रंगाचं, बऱ्याचदा ज्याला घाम टिपता येत नाही असं. ते शिवायचं नसतं हे देणारीला माहीत असतं, घेणारीलाही. ते पुढच्या घरी जातं, तिथून पुढे, आणि एखादं दहा वर्षांनी आपल्याच घरी परत येतं. ओटी भरण्याला माझा काडीचाही विरोध नाही. तांदूळ आणि नारळ कामाला येतात. ज्या कापडाचा ब्लाउज कधीच होणार नाही, ते मात्र संक्रांतीला भारतातून ठोकात मागवण्याची मंडळाची रीत थांबावी, असं मी इथे लेखी मांडते. त्याऐवजी त्याच पैशात दोऱ्याची रिळं किंवा मशीनच्या सुयांचं पाकीट दिलं तर मी स्वतः वाटायला उभी राहीन.

कोणी सुचवेल, मग मंडळात कापडांची अदलाबदल ठेवू. नको. अदलाबदलीत माझ्या कपाटातलं तुझ्याकडे जातं, तुझ्या कपाटातलं माझ्याकडे येतं आणि दोघींना नवं कापड मिळाल्याचा आनंद होतो. म्हणजे पुन्हा तोच नाद, फक्त फुकटात. त्याशिवाय प्रत्येक व्रताला असते तशी नवं कापड न घेण्याच्या व्रतालाही पळवाट आहे आणि ती मी ओळखून आहे: ‘कापड नाही ग, फक्त मॅचिंग अस्तर आणायला चालले.’ अस्तराला गेलेली बाई दुकानातून काय काय घेऊन बाहेर पडते, ते सांगायला नको. अस्तर, दोरा, झिप, कॅनव्हास यांना मोकळीक हवीच, त्यांच्याशिवाय शिवणार कसं? पण ते एखाद्या घरातल्या माणसाला यादी देऊन आणवावं. ज्याला कापडातलं कळत नाही असा माणूस उत्तम.

अदलाबदलीऐवजी मी हे सुचवते. मंडळाचा हॉल महिन्यातल्या एका रविवारी दुपारी रिकामाच असतो. तिथे लांब टेबलं लावू, चार मशीनं आणू, ओव्हरलॉक माझं. येणारीने पाच वर्षांहून जुनं एक कापड आणायचं, धुऊन, इस्त्री करून. पाच वर्षं झाली की नाही ते तिने सांगायचं, आम्ही विश्वास ठेवू. ज्यांना कापायची भीती वाटते त्यांना बेतून द्यायला आपल्यात क्लास केलेल्या निदान तिघी-चौघी आहेत, त्यांची नावं समितीला ठाऊक आहेत. पुरुषांनी यावं, पायजमा हा सगळ्यात सोपा कपडा आहे. त्या दिवशी कापायचं, टाचायचं आणि मोठ्या शिवणी घालायच्या. काजं-बटणं आणि हातशिलाई घरी. पहिला रविवार समितीने ठरवावा, पण दिवाळीच्या आधीचा असला तर बरं. दिवाळीच्या कार्यक्रमात घालायला काहीतरी हवंच असतं आणि त्याच सुमाराला सगळीकडे कापडाचे सेलही लागलेले असतात.