शून्य शुल्काचा हिशेब

युरोपीय संघ सोडून ब्रिटनने काय कमावले आणि काय गमावले, हा वाद २३ जून २०१६ च्या सार्वमतानंतर आजही तिथे थांबलेला नाही. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के, विरोधात ४८.१ टक्के, असा तो निसटता कौल होता. निर्यातदार, सीएचए आणि फ्रेट फॉरवर्डर यांनी हा वाद बारकाईने पाहावा, असे आम्हाला वाटते. कारण मालाची कागदपत्रे भरणाऱ्यांचा आवाज त्यात सर्वांत उशिरा ऐकू आला.

प्रचार झाला तो मोठ्या आकड्यांवर. संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, असे एका बाजूने बसवर रंगवले. ब्रिटनला परत मिळणारी रक्कम त्यात वजा केलेली नव्हती, आणि सांख्यिकी प्राधिकरणाने त्यावर आक्षेप घेतला. दुसऱ्या बाजूला अर्थखात्याने दोन इशारे दिले: बाहेर पडण्याचा कौल लागताच मंदी येईल आणि २०३० पर्यंत दर कुटुंबाचे वर्षाला ४,३०० पौंडांचे नुकसान होईल. पौंड कोसळला, पण ती तात्काळ मंदी आली नाही. मग अर्थतज्ज्ञांच्या कुठल्याच बोलण्यावर लोकांचा विश्वास राहिला नाही. आमच्या मते या वादातली ही मोठी हानी. सावकाश होणाऱ्या झिजेचा इशारा त्या गदारोळात विरून गेला आणि खरा ठरतो आहे तो तोच. उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील, असे ब्रिटनचे स्वतंत्र अर्थसंकल्पीय कार्यालय धरून चालले आहे.

२४ डिसेंबर २०२० रोजी संघाशी करार झाला. शुल्क शून्य, कोटा नाही. सामान्य वाचकाला वाटले, प्रश्न मिटला. आपल्या वाचकांना ठाऊक आहे की ते शून्य मूळ देशाच्या नियमांत बसणाऱ्या मालापुरतेच असते. रॉटरडॅमला शुल्क भरून सोडवलेला भारतीय माल पुढे इंग्लंडला पाठवला, तर तो युरोपीय ठरत नाही. बॉण्डमध्ये किंवा ट्रान्झिटमध्ये ठेवला नसेल, तर ब्रिटनचे शुल्क पुन्हा लागू होते. नेदरलँड्समध्ये गोदाम ठेवून दोन्हीकडे माल पुरवणाऱ्यांचे गणितच बदलले. नव्या घोषणापत्रांचा ब्रिटिश व्यवसायांवरचा बोजा वर्षाला साडेसात अब्ज पौंड असेल, असा अंदाज तिथल्या सीमाशुल्क खात्याने २०१९ मध्येच दिला होता. मोठ्या कंपन्यांनी या कामासाठी माणसे नेमली; लहानांना ते जड गेले. जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या मासळी व्यापाऱ्यांना ट्रक घेऊन थेट लंडनला निषेधासाठी यावे लागले.

आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या द्राक्षांचे उदाहरण घ्या. पूर्वी कीडनाशकांच्या उर्वरित अंशाची एकच युरोपीय मर्यादा पाळली की माल दोन्हीकडे चालायचा. आता ग्रेट ब्रिटनची यादी वेगळी, युरोपची वेगळी, आणि उत्तर आयर्लंडला लागू आहे युरोपचीच. या याद्या सर्वत्र सारख्या राहिलेल्या नाहीत. हे शुल्काच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

राजकीय बाजू हलकी लेखू नये. आपले नियम आपल्या संसदेने करावेत, ही मागणी मानाची आहे आणि त्यासाठी पैसे मोजायला तयार असलेला मतदार मूर्ख नसतो. २४ जुलै २०२५ रोजी भारताशी झालेला स्वतंत्र करार संघात राहून ब्रिटनला करता आला नसता. आपल्या कापड, चर्म आणि अभियांत्रिकी उद्योगांना त्यात मोठी संधी आहे. मात्र त्यातून ब्रिटनला दीर्घकाळात वर्षाला ४.८ अब्ज पौंड, म्हणजे अर्थव्यवस्थेच्या सुमारे ०.१ टक्का, एवढाच लाभ होईल, असे त्यांचेच सरकार सांगते. मे २०२५ मध्ये तर अन्न आणि शेतमालाच्या तपासण्या कमी व्हाव्यात म्हणून संघाच्या नियमांशी जुळते राहण्याच्या दिशेने ब्रिटनने पाऊल टाकले. ते नियम ठरवताना त्याला आता मत नसेल. स्वातंत्र्याची ही किंमत मतदाराला आधी सांगायला हवी होती.

भारताने नोव्हेंबर २०१९ मध्ये आरसेप या प्रादेशिक व्यापार करारातून अंग काढून घेतले, तेव्हाही चर्चा चिनी माल आणि दूध उत्पादक यांच्याभोवतीच फिरली. निर्णय बरोबर की चूक, यावर मते असू शकतात. पण मूळ देशाचे दाखले, चाचण्या, अडकलेले कंटेनर यांचा हिशेब जाहीर चर्चेत फारसा आलाच नाही. तो देऊ शकणारे लोक आपल्यातच आहेत.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. ब्रिटन आणि युरोप या दोन बाजारांत एकाच मालावर तुम्हाला येणारा खर्च वेगवेगळा मांडा: एचएस कोड, शुल्क, चाचणी, दाखले, बंदरातले दिवस. तो आपल्या निर्यात प्रोत्साहन परिषदेला लेखी कळवा आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या कराराच्या वाटाघाटी सुरू होण्याआधी तो हिशेब सरकारच्या टेबलावर असला पाहिजे.