मथळ्याची घाई

५ डिसेंबर २००४. बंगळुरूच्या कंठीरव स्टेडियमवर फुटबॉलच्या फेडरेशन चषकाची अंतिम लढत रंगली होती. एका बाजूला गोव्याचा डेम्पो, दुसऱ्या बाजूला कोलकात्याचा मोहन बागान. डेम्पोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनिअर चेंडू घेऊन थेट गोलजवळ घुसला. बागानचा गोलरक्षक सुब्रत पाल त्याला अडवायला पुढे झेपावला. चेंडू जाळ्यात गेला आणि दोघं एकमेकांवर आदळले. ज्युनिअर खाली पडला, तो पुन्हा उठलाच नाही. डेम्पोने सामना २-० असा जिंकला. दोन्ही गोल ज्युनिअरचे. त्याचं वय होतं २५.

सुब्रत पाल तेव्हा जेमतेम अठराचा होता. टीव्हीवर ती टक्कर पुन्हा पुन्हा दाखवली गेली आणि प्रत्येक वेळी बघणाऱ्याला त्या पोराचे पुढे आलेले हात जास्त मोठे दिसू लागले. फुटबॉल महासंघाने चौकशी केली, त्याला काही काळ निलंबितही केलं. मैदानावरची वैद्यकीय व्यवस्था पुरेशी होती का, हा प्रश्नही तेव्हा विचारला गेला. पण व्यवस्थेला चेहरा नसतो आणि सुब्रतला होता. फोटो कुणाचा छापायचा, हे तिथेच ठरलं.

पुढे डेम्पोने ज्युनिअरची दहा क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली आणि त्याच मोसमात पहिल्यांदा राष्ट्रीय लीगही जिंकली. सुब्रत पाल खेळत राहिला. २०११ साली दोह्यात आशिया चषकात दक्षिण कोरियाविरुद्ध भारत हरला, पण त्याने इतके फटके अडवले की तो ‘स्पायडरमॅन’ म्हणून ओळखला जाऊ लागला. २०१६ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक केलं. ज्या हातांकडे बोट दाखवलं होतं, त्याच हातांचं कौतुक.

हे सगळं आठवायचं कारण कुर्डुवाडीतलंच आहे. आमचं गाव रेल्वेचं. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी, तिचं वर्कशॉप आणि जंक्शन यांवर वाढलेलं. इथे क्रिकेट आहे, कबड्डी आहे. फुटबॉल गावाच्या मैदानापेक्षा मोबाइलवर जास्त खेळला जातो. शनिवारी रात्री स्टेशनबाहेरच्या टपरीवर लाल, निळ्या जर्सी घातलेली पोरं बसतात, एका फोनवर चार डोकी. परवा त्यातल्या एकाने माझ्या हातातला पेपर बघून विचारलं, “काका, खरं सांगा, तुम्ही पेपरवाले आधी बातमी लिहिता का मथळा?”

मी म्हणालो, “बातमी.”

“मग लिव्हरपूलमधी तो एक पेपर अजून कुणी हातात का धरत न्हाई?”

कुर्डुवाडीच्या पोराला लिव्हरपूलचं हे माहीत आहे, याचंच मला अप्रूप वाटलं. चहा आला आणि त्याने मला सगळी हकीकत ऐकवली. ती बरोबरच होती, म्हणून थोडी भर घालून इथे देतो.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कपचा उपांत्य सामना होता. बाहेर गर्दी तुंबली, तेव्हा पोलिसांनी बाहेर जायचा एक मोठा दरवाजा आत येण्यासाठी उघडला. पण आत सरळ जाणारा बोगदा बंद केला नाही. तो बोगदा आधीच खच्चून भरलेल्या, जाळीच्या कुंपणाने बंद केलेल्या भागात उघडत होता. मागून येणाऱ्याला पुढचं दिसत नव्हतं, पुढच्याला मागे वळता येत नव्हतं. सामना सुरू होऊन सहा मिनिटांत थांबवावा लागला. मृतांचा आकडा शेवटी ९७ वर गेला. सत्त्याण्णवावा माणूस तर २०२१ साली, त्याच दिवसाच्या जखमांपायी गेला.

चार दिवसांनी, १९ एप्रिलला, लंडनच्या ‘द सन’ या पेपरने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत मथळा दिला : ‘सत्य’. खाली आरोप होते. दारूच्या नशेतल्या प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले, मदत करणाऱ्या पोलिसांवर लघवी केली, त्यांना मारहाण केली. हा मजकूर पोलिसांच्या तोंडून एका स्थानिक वृत्तसंस्थेमार्फत आला होता. संपादक केल्विन मॅकेन्झी यांनी तो पडताळणीशिवाय सत्य म्हणून छापला. दरवाजा प्रेक्षकांनीच जबरदस्तीने उघडला, असंही बंदोबस्ताच्या प्रमुख अधिकाऱ्याने त्याच दिवशी सांगितलं होतं. ते खोटं होतं, हे त्याने २०१५ साली शपथेवर कबूल केलं. शंभराहून अधिक पोलिसांच्या जबानीतून पोलिसांना अडचणीचा मजकूर वगळला किंवा बदलला होता, हे २०१२ च्या स्वतंत्र पॅनेलने दाखवून दिलं. २०१६ साली ज्युरीने निकाल दिला, हे मृत्यू बेकायदा होते आणि त्यात प्रेक्षकांचा काहीही दोष नव्हता. २७ वर्षं लागली.

लिव्हरपूलकरांनी मात्र निकालाची वाट पाहिली नाही. त्यांनी तो पेपर घेणं बंद केलं. कुणी रस्त्यावर जाळला, दुकानदारांनी मागवणं थांबवलं. एखादा बहिष्कार महिन्याभरात विरतो. हा अजून आहे. २०१७ साली शहरातल्या लिव्हरपूल आणि एव्हर्टन या दोन्ही क्लबांनी त्या पेपरच्या बातमीदारांना मैदानात यायला मनाई केली. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन क्लब या एका बाबतीत एक आहेत.

याच प्रकरणात खेळाडूच्या वागण्याचा मुद्दाही आला. २००४ साली एव्हर्टनचा तरुण वेन रूनी याने आपली कहाणी त्याच पेपरला विकली. मैदानाबाहेरच्या वागण्याबद्दल खेळाडूला चाहते सहसा माफ करतात. दारू, जुगार, भांडणं, सगळं पोटात घालतात. हे मात्र गावाला झोंबलं. ‘सन’ने त्यानंतर जुन्या बातमीबद्दल पानभर माफी छापली. पंधरा वर्षांनी. ती कुणी घेतली नाही.

इथवर चाहते बरोबर, पेपर चूक, असा सोपा हिशेब होतो. पण तसा तो नाही. टपरीवरच्या पोराला मी लुइस सुआरेझची गोष्ट सांगितली, तेव्हा तो जरा गप्प झाला. २०११ साली लिव्हरपूलच्या सुआरेझने मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला वर्णावरून हिणवलं. चौकशी होऊन आठ सामन्यांची बंदी आली. दुसऱ्याच दिवशी लिव्हरपूलचा अख्खा संघ सुआरेझच्या नावाच्या शर्टात सरावाला उतरला. पेपर आपल्याविरुद्ध खोटं लिहितात, हे ज्या गावाने भोगलं होतं, त्याच गावातल्या अनेकांना वाटलं की हेही तसंच कुभांड असणार. त्या दिवशी तो शर्ट घालणाऱ्या जेमी कॅरेगरने २०१९ साली टीव्हीवर एव्हराची समोरासमोर माफी मागितली.

म्हणजे पेपर खोटं छापतो, यावरून आपला खेळाडू खरा ठरत नाही. लबाड पेपरने चाहत्याला दिलेलं सगळ्यात वाईट दान हेच आहे : आता त्याला खरी बातमीही खोटी वाटते.

पेपर काय करतो, हे फुटबॉलपटू रहीम स्टर्लिंगने डिसेंबर २०१८ मध्ये फार नेमकं दाखवलं. मँचेस्टर सिटीच्या दोन तरुण खेळाडूंनी घर घेतलं. दोघंही विशीच्या आतबाहेरचे. एक काळा, एक गोरा. काळ्या मुलाच्या बातमीत भर होता त्याच्या पगारावर आणि लीगमध्ये एकही सामना सुरुवातीपासून खेळलेला नसताना केलेल्या उधळपट्टीवर. गोऱ्या मुलाच्या बातमीत होतं, आईसाठी घर घेतलं. दोन्ही मथळ्यांत उघड खोटं काही नव्हतं. स्टर्लिंगने दोन्ही मथळे शेजारी शेजारी ठेवले आणि लोकांना म्हणाला, वाचा. मला वाटतं, पत्रकारितेच्या वर्गात मुलांना वर्षभर शिकवतात, त्यापेक्षा जास्त त्या दोन चित्रांत आहे.

आपल्याकडे फुटबॉलवेड्या कोल्हापुरात काय होतं? सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये झालं; त्याआधी आमच्या भागातली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती, त्यामुळे जुन्या पिढीतल्या अनेकांनी शाहू स्टेडियमच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, फुलेवाडी, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ; ही नुसती संघांची नावं नाहीत, ते पेठांचे मान-अपमान आहेत. तिथे सामन्यानंतर दगडफेक झाल्याचं, समर्थकांवर गुन्हे दाखल झाल्याचं वेळोवेळी वाचायला मिळतं. खेळाडूने समोरच्या गॅलरीकडे बघून हातवारे केले की आग लागते. पण एक फरक आहे. तिथला खेळाडू गल्लीतला पोरगा असतो. दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघाला की कोपऱ्यावरचे आजोबा त्याला थांबवून विचारतात, “काय रं, काल काय केलंस त्ये?” आणि बातमी लिहिणाराही त्याच पेठेत राहतो. उद्या तोंड दाखवायचं असतं म्हणून लेखणी जरा जपून चालते. माणसं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असली की घाई आपोआप कमी होते.

मोबाइलने हा टप्पाच मोडला. आता मथळा लिहायला संपादक लागत नाही, थंबनेल पुरतं. लाल बाण, गोल वर्तुळ, रडणारा चेहरा, आणि ‘पाहा काय घडलं’. याच्या उलटही एकदा दिसलं. जून २०२१ मध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन सामना चालू असताना हृदय बंद पडून कोसळला. त्याच्या संघातली पोरं त्याच्याभोवती गोल करून, पाठ आत आणि तोंड बाहेर करून उभी राहिली. डोळ्यांत पाणी, पण कॅमेऱ्याला आतलं दिसू द्यायचं नाही. आत डॉक्टर विजेचा झटका देत होते. एरिक्सन वाचला. बीबीसीने ती दृश्यं दाखवल्याबद्दल नंतर माफी मागितली. खेळाडूचं वर्तन म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी ते कडं दाखवीन. सुआरेझच्या शर्टाशेजारी ठेवून दाखवीन.

आता आपल्या दाराशी या. आषाढीच्या दिवसांत ज्याने कुठल्याही जंक्शनवर गाडीची वाट पाहिली आहे, त्याला हिल्सबरो वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ऐनवेळी फलाट बदलल्याची घोषणा होते आणि जिन्यावरची माणसं एकदम वळतात. त्या क्षणी आपले पाय आपले राहत नाहीत. मांढरदेवीच्या यात्रेत जानेवारी २००५ मध्ये चेंगराचेंगरीत अडीचशेहून जास्त भाविकांचा जीव गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली स्टेशनवर चेंगराचेंगरीत माणसं गेली. त्याच वर्षी ४ जूनला बंगळुरूत, आरसीबीच्या विजयोत्सवात, चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण गेले. प्रत्येक वेळी पहिल्या तासातच कुणीतरी म्हणतं, “लोकांना शिस्तच नाही.” कधी अफवा, कधी नारळाचं पाणी सांडून झालेल्या निसरड्या पायऱ्या, कधी तरुणांचा उन्माद. दरवाजा कुणी उघडला, किती माणसं आत घेतली, वाट का बंद होती, हे चौकशीच्या अहवालात येतं. तोवर आपण दुसऱ्या बातमीवर गेलेलो असतो.

मेलेल्याला दोषी ठरवणं फार स्वस्त असतं. तो खुलासा पाठवत नाही.

वाचकाच्या हातात काय आहे, असं विचाराल तर लिव्हरपूलनेच उत्तर देऊन ठेवलं आहे. दोन संशोधकांनी या बहिष्काराचा अभ्यास केला, तेव्हा असं दिसलं की तो युरोपविरोधी पेपर वाचणं सुटल्यावर त्या भागातल्या लोकांचा युरोपीय संघाविषयीचा राग इतरांच्या तुलनेत कमी झाला. म्हणजे एक पेपर घरात येतो की नाही, यावर घरातली मतंसुद्धा बदलतात. खेळाच्या पानावर घडलेली गोष्ट मतपेटीपर्यंत गेली.

म्हणून कुर्डुवाडीतल्या जर्सीवाल्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांनाही एवढंच सांगतो. मैदानात किंवा मैदानाबाहेर अपघात झाला, तर कोसळलेल्या माणसाचा व्हिडिओ पुढे पाठवू नका. आपल्या खेळाडूने चूक केली असेल, तर ती पेपरने छापली म्हणून खोटी मानू नका. दोषी कोण हे पहिल्याच दिवशी छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे जरा संशयाने बघा. आणि कुणी खोटं छापलंच, तर त्याला लिहून कळवा, दुरुस्ती मागा. दुरुस्ती मिळाली नाही, तर ते घेणं बंद करा. या सदरालाही हाच नियम लावा.