पाहावे आणि मोजावे

विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत पेशीची आकृती जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी काढतो. पेशीभित्तिका, केंद्रक, रिक्तिका, सारी नावे जागच्या जागी असतात. पण 'बाळांनो, ही पेशी प्रत्यक्षात केवढी असते?' असे विचारले की वर्ग शांत होतो. इतिहास हा आमचा अध्यापनाचा विषय. सूक्ष्मदर्शक विज्ञानशिक्षकांच्या अखत्यारीतला. तरीही या स्मरणिकेत आम्ही त्याविषयी लिहीत आहोत, कारण न पाहता मानण्याच्या सवयीने आपल्या समाजाचे किती नुकसान केले, हे सांगणे इतिहासाच्या शिक्षकाचेच काम आहे.

हॉलंडमधील डेल्फ्ट येथील आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. विद्यापीठात तो शिकला नव्हता. विद्वानांची लॅटिन भाषा त्याला येत नव्हती. कापडाचे धागे भिंगातून तपासणाऱ्या या माणसाने स्वतःच्या हाताने भिंगे तयार केली. त्यांपैकी आज उपलब्ध असलेले एक भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी करून दाखवते. १६७४ साली त्याला सरोवराच्या पाण्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव दिसले. लंडनच्या रॉयल सोसायटीतील विद्वानांचा प्रथम विश्वास बसेना. अखेर १६७७ साली रॉबर्ट हूक यांनी तसाच प्रयोग सोसायटीपुढे करून दाखवला आणि शंका फिटली. वादाचा निर्णय पडताळ्याने झाला.

पुढे १८८४ साली रॉबर्ट कोख यांनी कलकत्त्यातील तळ्याच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू दाखवून दिले. आता आपल्या इतिहासाकडे वळू. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी तळे 'बाटले' म्हणून पंचगव्य आणि मंत्र यांनी त्याची 'शुद्धी' केली. कोख यांच्या शोधाला तेव्हा ४३ वर्षे झाली होती. पाणी कशाने दूषित होते हे सूक्ष्मदर्शकाने सिद्ध केले होते. माणसाच्या स्पर्शाचा विटाळ मात्र कोणत्याही भिंगाखाली कोणाला सापडला नाही. तळ्यात शेण आणि गोमूत्र ओतणाऱ्यांनी त्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन पाहिला असता, तर पाणी कोणी दूषित केले ते त्यांचे त्यांनाच कळले असते.

पाहणे ही पहिली पायरी, मोजणे ही दुसरी. नेत्रिकेवर १०× आणि पदार्थीय भिंगावर ४०× असे असेल, तर एकूण विशालन १० × ४० म्हणजे ४०० पट. आपल्या वऱ्हाडातल्या कपाशीच्या बोंडातला एक तंतू घ्यावा. सरकीच्या सालीवरील एकाच पेशीची ती वाढ असते. तिची लांबी सुमारे २८ मिलिमीटर, साध्या पट्टीने मोजता येते. जाडी कशी मोजावी? ४× च्या भिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवली, की दिसणारे वर्तुळ साधारण ४.५ मिलिमीटर रुंद भरते. ४०× च्या भिंगाला त्याचा दहावा भाग, म्हणजे ४५० मायक्रोमीटर. त्यात शेजारी शेजारी २२ तंतू मावतील असा अंदाज आला, तर एकाची जाडी सुमारे २० मायक्रोमीटर. हाच तंतू वहीत ४ सेंटिमीटर रुंद काढला, तर आकृतीचे विशालन ४०,००० भागिले २०, म्हणजे २,००० पट. भिंगाचे विशालन वेगळे आणि आकृतीचे वेगळे, हे ज्याने स्वतः भागाकार केला त्याला आयुष्यभर विसरता येणार नाही. कापूस वेचणाऱ्या मायमाउलींच्या लेकरांना तो कापूस पेशी म्हणून ओळखता यावा, ही आमची साधी अपेक्षा आहे.

या शिक्षणाचा आपल्या घराघरांशी संबंध आहे. निरोगी तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची असते. ४०० पट मोठी केली तर तिळाएवढी, सुमारे ३ मिलिमीटरची दिसते. सिकलसेल आजारात प्राणवायू कमी पडला की ती विळ्यासारखी वाकते. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचे पहिले वर्णन १९१० साली प्रसिद्ध केले. त्यांचा रुग्ण ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. विदर्भात हा आजार आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी बांधवांत लक्षणीय प्रमाणात आढळतो. सोयरीक मोडेल या भीतीने तो लपवला जातो. वास्तविक त्यात लाजण्यासारखे काही नाही. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना याच गुणाने संरक्षण दिले. मात्र आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाचे रक्त नुसते पाहून हे कळत नाही. त्यासाठी तपासणी आणि खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस करावे लागते. ज्या मुलीने शाळेत रक्तपेशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, ती उद्या सोयरिकीच्या बैठकीत पत्रिका बाजूला सारून रक्ताचा अहवाल मागेल.

उपकरण महाग आहे, मुले काच फोडतील, अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही कारणे आम्ही ऐकली आहेत. प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्ही शिक्षकांनी ती दिलीही आहेत. पण फुटलेली काचपट्टी थोड्या पैशांत पुन्हा मिळते, जिज्ञासेचे वय पुन्हा मिळत नाही. ज्ञानाला कुलूप लावण्याची रीत कोणाची होती, हे आपण जाणतो. ती आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटाला लागू नये.

१९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले, ते मुलांना केवळ दोन वेळचे जेवण मिळावे म्हणून नव्हे. हिवरखेडच्या या निवासी शाळेत रोज सकाळी वंदना होते. धम्माचे एक लक्षण म्हणून 'एहिपस्सिको', म्हणजे 'या आणि पाहा', हा शब्द आपण तिच्यात उच्चारतो. तो प्रयोगशाळेतही खरा व्हावा. आठवीपासूनच्या प्रत्येक विद्यार्थ्याने नेत्रिकेला स्वतःचा डोळा लावावा आणि वहीतल्या प्रत्येक आकृतीखाली तिचे विशालन स्वतः मोजून लिहावे, एवढा नियम येत्या सत्रापासून आपण करूया.