विद्याधर म्हणजे देवदूत नव्हेत



जैन शिल्पांतील विद्याधर, म्हणजे तीर्थंकराच्या मस्तकाशी माळा घेऊन तरंगणाऱ्या दिव्य आकृती, हे युरोपीय प्रबोधनकालीन चित्रांतील देवदूतांचेच पंखहीन अनुकरण होय, हे गेल्या अंकातील प्रतिपादन टिकणारे नाही.

पंख ही मुळात कसोटीच नव्हे. मायकेलअँजेलोने १५४१ साली पूर्ण केलेल्या ‘अंतिम न्याय’ या भित्तिचित्रातील देवदूतांनाही पंख नाहीत, तर राफाएलच्या ‘सिस्टाइन मॅडोना’च्या तळाशी रेललेली पंखधारी बालके प्राचीन रोमन शिल्पांतील मदनबालकांच्या वंशातली आहेत.

खरा भेद कार्याचा आहे. लिओनार्दोच्या चित्रातील देवदूत गॅब्रिएल मरियेला ईश्वराचा निरोप देतो. धाराशिव लेण्यांत कोरलेले तीर्थंकर पार्श्वनाथ मात्र कर्मबंधातून मुक्त असल्याने कोणास आज्ञा धाडत नाहीत, म्हणून तीर्थंकराभोवतीचे विद्याधर दूत नसून पूजक ठरतात.

अनुकरणाचा दावा कालक्रमानेच बाद होतो, कारण अशाच पंखहीन दिव्य आकृती, म्हणजे अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील उडत्या अप्सरा, पाचव्या शतकातल्या, प्रबोधनाच्या सुमारे हजार वर्षे आधीच्या असून, त्यांची गती चित्रकाराने पंखांऐवजी गळ्यातील हार एका बाजूस झुकवून दाखवली आहे. विद्याधर आणि देवदूत दोघेही अधांतरी असतात, एवढ्यावरून नाते जोडता येत नाही.


एक वाचक, धाराशिव