न दिसणारी दुखापत

बार्देशास फुटबॉलचे वेड नवे नाही. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी हा खेळ प्रथम शिवोलीस आणला, असे सांगतात. आणि शिवोली आमच्या म्हापशाहून हाकेच्या अंतरावर आहे. दुलेर मैदानावर सामना असला की आजही सारे शहर तिकडे लोटते. मात्र खेळावर आपले जेवढे प्रेम आहे, तेवढी खेळणाऱ्याच्या शरीराची माहिती आपणांस नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

धावता धावता एखादा मुलगा झटकन वळतो, गुडघ्यात 'कट्' असा आवाज होतो आणि तो खाली बसतो. भोवतालची वडीलधारी मंडळी विचारतात, "हाड मोडूंक ना न्हय? मागीर कितें?" मग तेल चोळले जाते, पट्टी बांधली जाते आणि पुढच्या रविवारी स्वारी पुन्हा मैदानावर! हाड शाबूत असले की सारे शाबूत, ही समजूतच आमच्या मते घातक आहे.

गुडघ्याच्या आत मांडीचे हाड व नडगी यांस जोडणारे दोन अस्थिबंध फुलीप्रमाणे एकमेकांस छेदून जातात. त्यांतील पुढचा बंध नडगीस पुढे सरकू देत नाही. कोणाचा धक्का न लागताही, केवळ वळताना किंवा उडी घेऊन उतरताना, तो बहुधा तुटतो. मुलींना तर हा धोका मुलांहून दोन-तीन पट अधिक असतो. क्ष-किरणांच्या चित्रात हाड दिसते, बंध दिसत नाही. काही दिवसांनी सूज उतरते, चालताही येते. पण वळताना गुडघा निसटतो आणि आतली गादी झिजू लागते. विशीत केलेल्या या हयगयीची किंमत पुढे चाळिशीत संधिवाताने मोजावी लागते.

शास्त्र येथे स्वस्थ बसलेले नाही. १९१८ साली तोकियोत केन्जी ताकागी यांनी एका मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बिणीची नळी घालून आत पाहिले. आज त्याच मार्गाने, लहानशा छिद्रांतून, रुग्णाच्याच कंडरेचा नवा बंध बसविला जातो. त्याहून शाळांस मोलाची गोष्ट नॉर्वेतील आहे. तेथे १२५ संघांतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. खेळापूर्वी वीस मिनिटे तोल सावरण्याचे, उडी मारून नीट उतरण्याचे व स्नायू बळकट करण्याचे व्यायाम केल्याने दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. या व्यायामास ना यंत्र लागते, ना पैसा.

हाडांचे काही विकार इतके विरळा असतात की डॉक्टरांसही ते क्वचित दिसतात. एका विकारात स्नायूंचेच हळूहळू हाड बनते; दहा-वीस लाखांत एखाद्यास तो होतो. त्यास कारण असलेले जनुक २००६ साली सापडले. अशा मुलाच्या पायांचे अंगठे बहुधा जन्मतःच आखूड व वाकडे असतात. ही खूण न ओळखता त्याच्या अंगावरील गाठ जोराने चोळली, तर तेथे नवे हाड धरण्याचा धोका असतो. हाडवैद्यांच्या हातच्या कौशल्याचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु आधी निदान आणि मग चोळणे, हा क्रम कोणासही मोडता येऊ नये.

म्हणून आमचे मत असे की, प्रत्येक शाळेने खेळाच्या तासातील पहिली वीस मिनिटे या व्यायामास द्यावीत. तास अपुरा पडेल, ही तक्रार खरी आहे; पण वर्षभर घरी बसलेल्या खेळाडूचे तास कोण मोजतो? गुडघा सुजलेल्या विद्यार्थ्यास त्याच दिवशी मैदानाबाहेर ठेवावे आणि पेडे येथील जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे. शस्त्रक्रिया झाली असल्यास निदान नऊ महिने धीर धरावा. त्या काळात खेळणे जितके लांबवावे, तितका पुन्हा दुखापतीचा धोका घटतो, असे २०१६ सालच्या अभ्यासात आढळले आहे.

विद्यार्थिमित्रहो, कळ दाबून खेळणाऱ्यास आपण शूर म्हणतो. वेळीच थांबून "गुडघा दुखतो" असे गुरुजींस सांगणाऱ्या मुलासही यापुढे भित्रा म्हणू नका. संघास तो पुढच्या वर्षीही हवा आहे.