पंचेचाळीस दिवसांचा श्रावण

रायपुरातील ज्या मराठी घरांत ‘कालनिर्णय’ आणि जबलपूरचे लाला रामस्वरूप पंचांग एकाच भिंतीवर टांगलेले असते, तिथे वर्षातील निम्मे दिवस महिना कोणता याची दोन उत्तरे असतात. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेल्या ‘कालनिर्णया’त महिना अमावास्येला संपतो, म्हणजे ती गणना अमान्त असते, लाला रामस्वरूप पंचांग पौर्णिमान्त गणना पाळते, आणि त्यामुळे शुक्ल पक्षात एकमताने चालणारी ही दोन पाने कृष्ण पक्षात एका महिन्याने वेगळी होतात. छत्तीसगढी शेजाऱ्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागून राखीला संपतो, तर मराठी श्रावण पंधरा दिवस उशिरा लागून पोळ्यापर्यंत पोचतो. म्हणून सून छत्तीसगढी आणि सासू मराठी असलेल्या घरात दोघींचेही नेम पाळायचे ठरले, तर सामिष जेवणाची वाट पंचेचाळीस दिवस पाहावी लागते, आणि अशा घरांतील समंजसपणाला मनापासून दाद दिली पाहिजे.

या सहवासाला जुना इतिहास आहे. १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने नागपूरकर भोसल्यांचा छत्तीसगढात प्रवेश झाला, पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून कारभार पाहिला, आणि नंतरच्या काळात रायपूरच्या तात्यापारा या वस्तीत (‘पारा’ म्हणजे मोहल्ला) मराठी कुटुंबे स्थिरावली. ‘छत्तीसगढ मित्र’चे संपादक माधवराव सप्रे, ज्यांनी ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले, ते याच शहराचे. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळही १९३५ पासून चालत आले आहे.

सणांच्या बाबतीत मात्र चंद्र दोन्ही घरांचा एकच. मराठी घरात दिव्यांच्या अमावास्येला समया, निरांजने उजळून पूजली जातात, त्याच दिवशी शेजारी हरेली असते, म्हणजे नांगर-कुदळींची पूजा आणि मुलांचे बांबूच्या गेडीवर चढून चालणे. महिन्याने येणारा पोळा तर विदर्भ आणि छत्तीसगढ यांचा सामाईक सण आहे. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात, इथे ‘पोरा’ म्हणजे पोळ्याच्या दिवशी मुलांच्या हाती चाके लावलेला मातीचा नंदिया बैल आणि मुलींच्या हाती मातीची इवली जाती-चुली येतात. मराठी स्वयंपाकघरात पुरणपोळी होते, आणि शेजारून ठेठरी व खुरमी येतात. ठेठरी ही बेसनाची खारी तळणी आणि खुरमी हा गव्हाच्या पिठाचा गुळाचा पदार्थ. ताटात पुरणपोळीशेजारी ठेठरी वाढली की गोडाला जी खारी जोड मिळते, ती मूळ मराठी बेतात नसल्याची उणीव खाणाऱ्याला प्रथमच जाणवते.

पण खरा जिव्हाळ्याचा सण तीजा. तो आणि मराठी हरतालिका एकाच तिथीला, भाद्रपद शुद्ध तृतीयेला येतात आणि दोन्हींत शिवपार्वतीची पूजा व कडक उपास असतो. फरक असा की तीजासाठी बाप किंवा भाऊ लेकीला सासरहून आणायला जातो, आणि नातवंडे झालेल्या बायकाही हक्काने माहेरी येतात. आदल्या रात्री करू भात, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात, खायला त्या नातलगांच्या व शेजाऱ्यांच्या घरोघरी जातात. २०१९ साली राज्य शासनाने या सणाला सार्वजनिक सुट्टी दिली, ही आनंदाची गोष्ट आहे.

सासर-माहेरच्या या ओढीनेच लोकप्रिय कलेलाही विषय पुरवला आहे. ‘दिल्ली-६’ या २००९ सालच्या चित्रपटात रेखा भारद्वाज यांनी गायलेले सासरचे गाणे मूळ छत्तीसगढी लोकगीतावरून आलेले असून आता ते देशभरच्या लग्नांत वाजते. केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ने २०२३ साली मंगळागौरीचे खेळ, म्हणजे श्रावणातील मंगळवारी पूजेनंतर रात्रभर रंगणाऱ्या फुगड्या-झिम्मे, पुन्हा घरोघरी पोचवले. त्या चित्रपटातील सहा बहिणींना एकत्र यायला एका स्पर्धेचे निमित्त लागते. तीजा हेच निमित्त दर वर्षी पंचांगातूनच देतो, आणि म्हणून रायपूरच्या मराठी माहेरांनी शेजाऱ्यांची ही रीत आवर्जून उचलावी.

अडचण एवढीच की दुसऱ्याच दिवशी गणेश चतुर्थी असते आणि मराठी सून तेव्हा सासरच्या गणपतीपुढे हवी असते. दोन्ही घरे रायपुरातच असतील, तर करू भात आणि हरतालिकेची पूजा माहेरी, चतुर्थीची सकाळ सासरी, असे सहज जमते; लेक पुण्याला असेल, तर तिच्या सासरच्यांनाच गणपतीला इकडे बोलवावे. पुण्याहून हावड्याला जाणारी आझाद हिंद एक्सप्रेस रायपूरला थांबते, आणि सणाच्या आठवड्यातील आरक्षण आधीच भरते, म्हणून तिकिटे माहेरच्यांनी वेळेवर काढून पाठवावीत.