अपघात वरदान नव्हता : ‘ब्लॅक सबाथ’चा पहिला अल्बम आणि एक सोयीची दंतकथा

१/ १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातील चार तरुणांच्या ‘ब्लॅक सबाथ’ या बँडचा त्याच नावाचा पहिला स्टुडिओ अल्बम ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. हेवी मेटलचा आरंभ अनेक अभ्यासक येथून मानतात. या आरंभासोबत एक कथाही सांगितली जाते. ती तपासून पाहायला हवी. #थ्रेड

२/ कथा अशी : गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्रेकामाच्या कारखान्यात यंत्राखाली त्याच्या दोन बोटांची टोके तुटली. दुखऱ्या बोटांना ताण सोसेना म्हणून त्याने तारा सैल केल्या, सूर खाली उतरला, नाद जड झाला आणि हेवी मेटल जन्मले. तात्पर्य : अपघात हेच वरदान!

३/ अपघात खरा आहे. तात्पर्य मात्र कालक्रमाच्या कसोटीला उतरत नाही. तारा ठळकपणे खाली उतरवलेल्या ऐकू येतात त्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या तिसऱ्या अल्बमात. पहिल्या अल्बमात गिटार नेहमीच्याच सुरांत लावलेली आहे. ज्या कृतीला उगम म्हणायचे, तिच्यात कथेतले मुख्य कारणच नाही.

४/ मग तो जडपणा आला कोठून? शीर्षकगीताची सुरुवात ऐकावी. षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम : तीनच स्वर, अतिविलंबित लयीत. षड्ज-तीव्र मध्यमाचे हे अस्वस्थ अंतर पाश्चात्त्य संगीतात ‘ट्रायटोन’ म्हणून ओळखले जाते. बासवादक गीझर बटलरला होल्स्टची ‘मार्स’ ही वाद्यवृंदरचना प्रिय होती आणि या स्वरांमागे तिची प्रेरणा असल्याचे बँडने सांगितले आहे. ही निवड कानांची होती, जखमेची नव्हे.

५/ ध्वनिमुद्रण ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत झाले. निर्माता रॉजर बेन. चौघांचे वय वीस-एकवीस. जवळजवळ सगळे वादन-गायन एकाच दिवसात उरकले. आरंभीचा पाऊस, ढगांचा गडगडाट आणि घंटानाद नंतर जोडण्यात आला.

६/ एका दिवसात अल्बम होतो तो चमत्काराने नव्हे. त्याच वर्षी हा बँड हॅम्बुर्गच्या स्टार-क्लबमध्ये दिवसाला अनेक फेऱ्या वाजवत होता. गाणी तेथे आणि इंग्लंडमधील छोट्या क्लबांत घासूनपुसून तयार झाली होती. स्टुडिओत फक्त ती टिपली गेली. या परिश्रमांची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते, कारण तिच्यात रक्त नाही.

७/ जखमेचा काहीच परिणाम झाला नाही, असे म्हणणेही अप्रामाणिकपणाचे ठरेल. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचे काम उजव्या हाताचे. आणि त्याच हाताची मधली बोटे गेली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, त्यांवर चामडे चढवले, बँजोच्या हलक्या तारा गिटारला लावल्या, थोड्या बोटांनी भरीव वाजतील असे स्वरसमूह शोधले.

८/ परंतु यात कर्तृत्व कोणाचे? यंत्राने दोन बोटे घेतली, दिले काहीच नाही. वरदानाची भाषा वापरली की तरुण कामगाराच्या हिकमतीचे श्रेय त्याला इजा करणाऱ्या यंत्राच्या खाती जमा होते.

९/ आयोमीच्याच सांगण्यानुसार त्याचे नेहमीचे काम वेल्डिंगचे होते. त्या दिवशी प्रेसवरची व्यक्ती गैरहजर होती, म्हणून अनोळखी यंत्रावर त्याला उभे करण्यात आले. धोकादायक यंत्रभागांभोवती संरक्षक आडोसा असावा, असे बंधन ब्रिटनच्या १९६१ च्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये तेव्हा होते. ‘वरदान’ म्हटले की हा प्रश्न विचारायचे कारणच उरत नाही.

१०/ पुढे कारखान्याच्या व्यवस्थापकाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजून डाव्या हाताची दोन बोटे अधू झालेला हा थोर गिटारवादक ऐकून आयोमीला उभारी आली. ही माणुसकी खरीच. पण कथा तिच्यापाशी येऊन थांबते आणि प्रेसकडे पाहायचे राहून जाते.

११/ प्रतिवाद असा : स्वतः बँडनेही आपल्या नादाचे नाते बर्मिंगहॅमच्या कारखान्यांशी जोडले आहे. ती साक्ष महत्त्वाची आहे, पण ती कीर्तीनंतरची आठवण आहे. अल्बममधील शब्दांत कारखाना जवळजवळ नाहीच. ‘द विझर्ड’मागे टॉल्किनचा गँडाल्फ आहे, ‘एन.आय.बी.’मध्ये प्रेमात पडलेला सैतान आहे. ऑझी ऑस्बॉर्नने कत्तलखान्यात काम केले होते, बटलरने हिशेबनीसाच्या हाताखाली. त्यांना त्या जगाचे वर्णन करायचे नव्हते, त्यातून बाहेर पडायचे होते.

१२/ सर्वांत बोलका पुरावा अपघाताच्या तारखेत आहे. तो आयोमीचा कारखान्यातला शेवटचा दिवस होता. एका बँडसोबत जर्मनीला जाण्यासाठी त्याने नोकरी सोडली होती. म्हणजे संगीत अपघातातून जन्मले नाही. संगीताकडे निघालेल्या मुलाला अपघाताने वाटेत अडवले.

१३/ इतिहासात ही चूक वारंवार होते. शेवट ठाऊक असतो, म्हणून आधीचे प्रत्येक दुःख त्या शेवटाची तयारी वाटू लागते. अशाच यंत्रांवर बोटे गमावलेल्या इतर कामगारांचे अल्बम निघाले नाहीत. त्यांना हिशेबात घेतले की ‘वरदान’ हा शब्द उच्चारणे कठीण होते.

१४/ हा अल्बम आला त्याच १९७० साली ब्रिटिश सरकारने कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा विचार करण्यासाठी लॉर्ड रॉबेन्स यांची समिती नेमली. १९७२ मध्ये तिचा अहवाल आला आणि १९७४ मध्ये नवा कायदा झाला. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तरीही त्या काळाचा अभ्यास करणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवाव्यात. अल्बम ऐकताना दाद चौघांच्या वादनाला द्यावी, प्रेसला नव्हे.